डेंगा

सुकती लागली की चिखल उघडा पडतो
आणि सगळे एकदमच हात वर करतात.
हात नव्हे, डेंगा. नराला एकच मोठा,
जवळजवळ स्वतःच्या अंगाएवढा, पिवळसर.
दुसरा बारीक, जेवायचा.

सारसोळ्याच्या जेट्टीपासून होडीनं पंधरा मिनिटं,
तिवरांच्या आत, प्लास्टिकच्या पाटावर मी.
गुडघ्यांवर तक्ता, तक्त्यात तीन रकाने:
खूण. कुणाला. पुढे काय झालं.
अंगठ्याखाली क्लिकर.
मिनिटाला अकरा. मिनिटाला चौदा.
मादी थबकली तर तेवीस.

पामबीच रोडचा आवाज इथवर येतो,
यांच्या जगात तो नाही.
बगळ्याची सावली आहे. पायाखालची थरथर आहे.
मी आहे, बहुधा तिवराचं एखादं खोड म्हणून,
अधूनमधून शिंकणारं.

गेल्या मंगळवारी सदतीस नंबर चिमटीत आला,
पाठीवर माझ्याच नेलपॉलिशचा ठिपका.
डेंगा कधीतरी भांडणात तुटलेला,
नवा फुटलाय. लांबीला पहिल्याइतकाच,
पण हलका. आत मांस कमी,
कडेला दातही नीट आले नाहीत.
हातात घेतल्यावर मला कळलं.
चिखलात हात लावून कोण बघतं?
तो उचलतो, हलवतो,
समोरचा धडधाकट गडी दोन पावलं मागे सरतो.

थाप.
शब्द निघायच्या किती आधीपासून
इथे मारली जात असेल, कुणास ठाऊक.
तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं:
बीळ त्याचंच राहिलं.

परतताना पोशाकाकांना सांगितलं.
वाटलं, हसतील.
ते इंजिनाकडे बघत म्हणाले,
‘मंग काय करल त्यो?
सगल्यांना सांगत फिरल, माजा हात पोकल हाय?’

जेट्टी दिसू लागली की काका उभे राहतात.
पंजा उघडा म्हणजे जाळ्यात काहीतरी आहे.
मूठ म्हणजे नाही.
लग्न झालं त्या वर्षीचा ठराव,
तेव्हा खाडीत जिताडा मिळायचा
आणि मूठ क्वचित दिसायची.
त्या दिवशी क्रेटमध्ये चार निवट्या होत्या,
एक चप्पल, आणि पिशव्यांचा ओला गोळा.
काकांनी पंजा उघडला.
बोटं ताणून, पूर्ण.
धक्क्यावरून चांगुणाकाकींनी पाटी हलवली.

मी तक्ता मिटून ठेवला.
हे माझं काम नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी काकी जवळा निवडत बसल्या होत्या
तेव्हा न राहवून विचारलंच,
काकांचा पंजा तुम्हाला लांबून दिसतो का?
‘हाताकं कोन बगतं?
होरी किती पान्यान हाय त्ये बगाचा.’
होडीच्या पोटाला लाल पट्टा आहे, वीतभर रुंद.
माल असला तर पट्टा बुडतो.
नसला तर सगळा दिसतो, जेट्टीपासूनच,
काकांचा हात दिसायच्याही आधी.
गेली सहा-सात वर्षं तो सगळाच दिसतोय.

मग पाटी का हलवता?

काकींनी जवळ्यातला एक खडा काढला,
बघितला, मागे टाकला.
‘त्यो हात करतो ना.’

आज पुन्हा सुकती. अडीच वाजलेत.
सदतीस बिळाच्या तोंडाशी, मिनिटाला सव्वीस,
हलक्या डेंग्याला दमही कमी लागत असावा.
एक मादी थांबली आहे.
डोळ्यांच्या दोन काड्या त्याच्याकडे.
तिला काय दिसतं आहे,
डेंगा, की आणखी काही,
चिखलावर उमटलेलं, ज्याला माझ्याकडे रकाना नाही?
ती वळली. अर्धं अंतर आली.
क्लिकरवर अंगठा, श्वास धरलेला,

आणि नेमकी शिंक.

सगळा चिखल एका क्षणात रिकामा.
नुसती भोकं,
आणि पाणी हळूहळू त्यांच्याकडे येतंय.
सदतीसच्या बिळात कोण कोण गेलं ते मी पाहिलं नाही.